जुनी मियाटा घेताना: आधी पत्रा, मग इंजिन

साधारण एक टन वजन, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन सीट आणि हाताने मागे लोटता येणारं कापडी छप्पर. माझदा एमएक्स-५ चा हा साचा १९८९ च्या शिकागो ऑटो शोमध्ये लोकांसमोर आला आणि चार पिढ्या झाल्या तरी फारसा बदललेला नाही. अमेरिकेत तिला सगळे मियाटाच म्हणतात. रोज ऑफिसला नेता येईल आणि वर्षातून चार-सहा वेळा ट्रॅकवरही उतरवता येईल अशी सेकंडहँड स्पोर्ट्स कार तिथल्या मराठी माणसाला हवी असेल, तर आम्ही सगळ्यात आधी हिचंच नाव घेतो.

सरळ रस्त्यावर व्ही-६ इंजिनाची कॅमरी जुन्या मियाटाला आरामात मागे टाकते, तेव्हा वेगासाठी ही गाडी कुणी घेऊ नये. ती घ्यायची वळणांसाठी आणि खर्चासाठी. गाडी हलकी असली की टायर, ब्रेक पॅड आणि डिस्क हळू झिजतात. ट्रॅकचा एक दिवस जड आणि ताकदवान गाडीचा पॅडचा सेट संपवू शकतो, मियाटावर तोच सेट कितीतरी दिवस पुरतो. पहिल्या दोन पिढ्यांसाठी स्पेक मियाटा नावाचा रेसिंगचा स्वतंत्र वर्गच आहे. त्यामुळे रोल बार, सस्पेन्शन, हब, रेडिएटर असं सगळं तयार मिळतं आणि कुठला भाग किती तासांत दगा देतो हेही लोकांना पाठ आहे.

घेताना मात्र बहुतेक जण चुकीच्या गोष्टीकडे पाहतात. ओडोमीटर, हॉर्सपॉवर, रंग आणि म्युझिक सिस्टीम बघून सौदा होतो. या गाडीचं इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स शनिवार-रविवारात उतरवून दुसरा चढवता येतो, सीट, छप्पर, दिवे सगळं बोल्टवर आहे. सडलेला पत्रा मात्र बोल्टवर नसतो. म्हणून जास्त पळालेली पण गंज नसलेली गाडी ही कमी पळालेल्या, खालून सडलेल्या गाडीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

पिढ्यांची ओळख थोडक्यात. पहिली एनए, उघडझाप करणाऱ्या हेडलाइटवाली: १९९० ते १९९३ मध्ये १.६ लिटर आणि ११६ हॉर्सपॉवर, १९९४ पासून १.८ लिटर आणि १२८, पुढे १३३. दुसरी एनबी १९९९ ते २००५. (१९९८ चं मॉडेल अमेरिकेत आलंच नाही.) सुरुवातीला १४० हॉर्सपॉवर, २००१ पासून बदलत्या व्हॉल्व्ह टायमिंगसह १४२. कंपनीने २००१ मध्ये आधी १५५ सांगितले होते, मग आकडा दुरुस्त करून ग्राहकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. जुन्या जाहिरातीत १५५ दिसलं तर चक्रावून जाऊ नका. तिसरी एनसी, २००६ ते २०१५, अमेरिकेत फक्त २.० लिटर. चौथी एनडी, २०१६ पासून, आणि २०१९ मध्ये तिचं इंजिन १५५ वरून १८१ हॉर्सपॉवरवर गेलं. २००४-०५ ची टर्बो माझदास्पीड १७८ हॉर्सपॉवरची. रस्त्यावर ती मजा देते, पण ट्रॅकवर तिचं तापमान सांभाळणं हेच वेगळं काम होऊन बसतं. पहिली गाडी म्हणून नको.

आता गंज.

कापडी छपरावर पडलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जातं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे जमिनीवर पडतं. या नळ्यांमध्ये पानं, धूळ, छपराचे धागे साचतात. मग पाणी बाहेर पडायच्या ऐवजी दाराखालच्या उंबरठ्यात शिरतं. उंबरठा दोन-तीन पत्र्यांचा मिळून केलेला आहे, आतला पत्रा आधी जातो. बाहेरून मागच्या चाकाच्या पुढे रंगाला फोड दिसेपर्यंत आत बरंच काही संपलेलं असतं. म्हणून गाडी बघायला जाताना एक लिटर पाण्याची बाटली सोबत न्या. छप्पर अर्धवट उघडून सीटच्या मागच्या कोपऱ्यात सावकाश पाणी ओता आणि कुणाला तरी खाली बघायला सांगा. दोन्ही बाजूंनी लगेच धार लागली पाहिजे. एका बाजूला पाणी आलंच नाही, तर त्या बाजूचा उंबरठा बोटांनी आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला भद्द वाजतो. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवलं तर पुट्टी कुठे सुरू होते तेही कळतं. ताजा काळा अंडरकोट फक्त उंबरठ्यावरच मारलेला असेल तर खाली काय झाकलंय ते विचारा. तुंबलेली नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्रातली नायलॉन दोरी घाला. कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी आतून निसटते आणि पाणी थेट पत्र्यात जातं.

एनबीला दुसरी खोड आहे: पुढच्या बंपरमागून निघणाऱ्या चॅसीच्या दोन दांड्या. इथेही पत्र्याचे दोन थर असून त्यांच्या मधे ओल आणि मीठ अडकतं. अँटीरोल बार जिथे बसतो त्या भागाच्या आसपास दांडी फुगलेली, पापुद्रे सुटलेली दिसते. अपघातात दाबली जाते ती हीच दांडी, तेव्हा ती सडलेली असेल तर गाडी सोडून द्या. वेल्डिंग होतं, पण चांगलं वेल्डिंग गाडीच्या किमतीच्या जवळ जातं. न्यू जर्सी, मिशिगन, ओहायो, शिकागो अशा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागातली गाडी जॅकवर चढवल्याशिवाय घेऊच नये. एडिसनमध्ये राहणाऱ्यानेही कॅलिफोर्निया, ॲरिझोना किंवा टेक्सासमधली गाडी ट्रेलरवर मागवणं बहुतेकदा शहाणपणाचं ठरतं, वाहतुकीचा खर्च धरूनसुद्धा.

गंजाचा तिसरा प्रकार बाहेरून दिसत नाही आणि म्हणून सगळ्यात जास्त फसवतो. सस्पेन्शनच्या खालच्या आर्ममधले, कॅम्बर आणि टो (चाकाचा उभा आणि आडवा कोन) बदलण्यासाठीचे कॅम बोल्ट आतल्या बुशिंगच्या नळीला गंजून चिकटतात. मग अलाइनमेंट होतच नाही. बोल्ट करवतीने कापावे लागतात, बुशिंग नवी घालावी लागतात आणि मजुरीचे तास वाढत जातात. विकणाऱ्याकडे अलीकडच्या अलाइनमेंटचा छापील कागद मागा. चारही चाकांचे आकडे हिरव्यात आले असतील तर बोल्ट फिरतात हे सिद्ध झालं. एनसीला उंबरठ्याचा त्रास कमी असला तरी हे बोल्ट तिलाही लागू आहेत.

गाडी खालून बघतानाच आणखी एक गोष्ट तपासा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) यांना जोडणारी लांब ॲल्युमिनियमची चौकट या गाडीच्या मधोमध जाते. कुणी तिच्यावर जॅक लावला असेल तर ती वाकते. पुढे क्रॉसमेंबरचा मध्य आणि मागे डिफरन्शियलचं धूड, जॅक लावायच्या मधल्या जागा या दोनच. उंबरठ्याखालची पत्र्याची कड चेपलेली असेल तर आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली याचा अंदाज येतो.

इंजिनाच्या बाबतीत पिढीप्रमाणे वेगळ्या गोष्टी बघायच्या. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकशाफ्टचं नाक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलल्यावर पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर पुलीला क्रँकशी पकडून ठेवणारी किल्ली खाचेत हलते, खाच रुंदावते, टायमिंग सरकतं आणि गाडी मेल्यासारखी पळते. ओळख सोपी आहे: पुढच्या पुलीवर खाचा मोजा. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर नंतरचा सुधारलेला क्रँक. चार खाचांची गाडी लगेच नाकारायची गरज नाही. इंजिन निवांत चालू ठेवून पुली लटपटते का ते बघा. लटपटत असेल तर निघा.

१९९९ आणि २००० च्या एनबीमध्ये क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं) झिजण्याच्या तक्रारी आहेत. इंजिन चालू असताना एकाने क्लच दाबावा, दुसऱ्याने बॉनेट उघडून पुलीकडे बघावं. पुली पुढे सरकलेली डोळ्यांना दिसत असेल, किंवा क्लच दाबताच इंजिनाचा फेरा ठळकपणे पडत असेल, तर डायल गेज लावून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. मर्यादा ०.३ मिमीची आहे, म्हणजे डोळ्यांना दिसणारी हालचाल तिच्याबाहेरच असते.

एनएचं इंजिन थंड असताना वरून टिकटिक येते. ती हायड्रॉलिक लिफ्टरची. बहुतेक वेळा तेल गरम झाल्यावर थांबते आणि तिने नुकसान होत नाही, नव्या तेलाने कमीही होते. भाव पाडायला हा मुद्दा वापरा, पण घाबरू नका. टायमिंग बेल्ट दर ६०,००० मैलांनी (सुमारे ९६,००० किमी) बदलायचा असतो. त्याच वेळी वॉटर पंप, कॅमचे सील आणि क्रँकचा पुढचा सील बदलले होते का ते बिलावर बघा. नुसता बेल्ट बदलला असेल तर तेच काम पुन्हा करावं लागेल, कारण पंप गळायला लागला की सगळं परत उघडावंच लागतं. एनसी आणि एनडीला चेन आहे.

कूलिंगवर थोडं थांबायला हवं, कारण ट्रॅकवर गाड्या इथेच मरतात. एनए-एनबीचं इंजिन मुळात आडवं बसवून पुढची चाकं फिरवण्यासाठी बनलं होतं. मियाटात ते उभं बसवताना कूलंटची मुख्य ये-जा हेडच्या पुढच्याच टोकाला आली. त्यामुळे मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरभोवती प्रवाह कमी राहतो. रस्त्यावर याने काही बिघडत नाही. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग ताण दिला की फरक पडतो. म्हणून गंभीरपणे चालवणारे कूलंट मागून बाहेर काढणारं किट बसवतात. त्याआधी रेडिएटर बघा. त्याची वरची प्लास्टिकची टाकी नवी असताना काळी असते, जुनी झाली की तपकिरी-हिरवट होते आणि मग एक दिवस सांध्यावर फाटते. रंग उडालेला रेडिएटर म्हणजे पहिल्याच महिन्यात बदलायचा भाग. एनबीचा तापमानाचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला आहे, मोठ्या पट्ट्यात तो मधेच उभा राहतो. काटा हलला तोवर उशीर झालेला असतो. ट्रॅकवर जायचं तर वेगळा गेज लावून घ्या. तेलाच्या दाबाचा काटाही १९९५ पासून खरा राहिला नाही, दाब आहे की नाही एवढंच तो सांगतो.

एनसीचं इंजिन दणकट आहे, पण तेल कमी झालं तर माफ करत नाही. काही इंजिनं तेल पितात, मालक डिपस्टिक ओढत नाही आणि रॉड बेअरिंग जातं. गाडी बघायला गेल्यावर सगळ्यात आधी, इंजिन सुरू करायच्या आत, डिपस्टिक काढा. खालच्या खुणेच्या खाली तेल असेल तर गाडी कितीही चकचकीत असली तरी मालकाबद्दल कळायचं ते कळलं. २००९ पासूनच्या मॅन्युअल गाड्यांना फोर्ज्ड क्रँकशाफ्ट आणि लाल रेषेला जास्तीचे ५०० फेरे मिळाले. मिळाली तर तीच घ्या. एनडीचा नाजूक भाग गिअरबॉक्स. २०१६ आणि २०१७ च्या गाड्यांचे गिअरबॉक्स आतून तुटले आहेत आणि कंपनीने ते टप्प्याटप्प्याने सुधारले. डीलरकडे गाडीचा व्हीआयएन (चॅसी नंबर) देऊन गिअरबॉक्स बदलला होता का ते विचारा. बदललेला असेल तर ती गाडी जास्त चांगली.

कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याचा, आग्रह धरा. इंजिन गरम, प्लग चारही काढलेले, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत आहेत का हे महत्त्वाचं. एक सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

चालवून बघताना गाडी थंडच असली पाहिजे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड गिअरबॉक्समध्ये पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना थोडा विरोध चालतो, करकर चालत नाही. गरम झाल्यावर ४० किमीच्या वेगाला तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाका. करकरली तर सिंक्रो (गिअर जुळवणारी कडी) गेले. चौथ्या गिअरमध्ये ५० वरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे चढले आणि वेग नाही चढला तर क्लच घसरतोय. क्लचचं पेडल मऊ असेल किंवा त्याचं तेल काळं असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. भाग स्वस्त आहे, वरचा मास्टरही सोबतच बदलावा, नाहीतर काही आठवड्यांत तो जातो. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ट्रॅकवर फिरलेल्या एनए-एनबीचे हब ही झिजायची वस्तू समजा.

ट्रॅकसाठी कुठली पिढी, हा प्रश्न शेवटी उंचीवर येतो. उघड्या छपराच्या गाडीला बहुतेक आयोजक झाडूच्या दांड्याची चाचणी लावतात: रोल बारचा माथा आणि विंडशील्डची वरची कड यांच्यावर दांडा टेकवला की हेल्मेट घातलेलं डोकं त्याच्या खाली राहिलं पाहिजे. काही ठिकाणी दोन इंच अंतरही मागतात. एनए-एनबीत सहा फुटी माणूस मूळ सीटवर बसून ही चाचणी सहसा पास होत नाही. सीटचा फोम कापावा लागतो किंवा खाली बसणारी सीट लावावी लागते. म्हणून गाडी बघायला जाताना हेल्मेट घेऊन जा. बऱ्याच ठिकाणी मोटरसायकलचं चालत नाही, स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए शिक्का असलेलं लागतं. कडक हार्डटॉप म्हणजे रोल बार नव्हे, गाडी उलटली तर तो डोकं वाचवत नाही. तरी मूळ हार्डटॉप सोबत येत असेल तर त्याला वेगळी किंमत आहे, नुसता हार्डटॉप हजार डॉलरच्या वर जातो. रोल बारला डोक्याजवळ कडक पॅडिंग हवंच. रस्त्यावर हेल्मेटशिवाय बसता तेव्हा तोच बार तुमच्या कवटीच्या मागे असतो.

उंच माणसाला आणि रस्त्यावरच जास्त फिरणाऱ्याला आम्ही एनसी सुचवतो. जागा जास्त, पत्रा टिकाऊ, आणि चाहत्यांमध्ये ती कमी लाडकी असल्यामुळे भाव उतरलेला. बारा सेकंदांत विजेवर उघडणारं कडक छप्पर तिला मिळतं, त्याचं वजन ३५ किलोच्या आसपास जास्त. चाकं मात्र पाच बोल्टची, त्यामुळे एनए-एनबीची स्वस्त चार बोल्टची चाकं तिला बसत नाहीत. ट्रॅक हाच मुख्य हेतू असेल तर १९९४ नंतरची १.८ एनए किंवा २००१ नंतरची एनबी. १.६ चं डिफरन्शियल लहान आणि नाजूक आहे, पुढच्या डिस्कही २३५ मिमीच्या आहेत. १.८ ला मोठं डिफरन्शियल आणि २५५ मिमीच्या डिस्क. टॉर्सन (एक चाक नुसतं घसरत फिरू न देणारं डिफरन्शियल) असलेली मिळाली तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. १५ इंची चाकांवर १९५/५० टायर हा पक्का मेळ. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी इतका जुना टायर ट्रॅकवर नेऊ नका.

कागदपत्रांत टायटलवर (मालकीच्या कागदावर) सॅल्व्हेज किंवा रीबिल्ट, म्हणजे मोडीत काढलेली किंवा त्यातून पुन्हा उभी केलेली, असं लिहिलेलं असेल तर विमा आणि पुढची विक्री दोन्ही अवघड होतात. कॅलिफोर्नियात स्मॉगचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं, ९० दिवसांच्या आतलं सर्टिफिकेट देणं विकणाऱ्याचं काम आहे. राज्याचा मान्यताक्रमांक नसलेला इनटेक किंवा हेडर (हवा आत घेणारा किंवा धूर बाहेर नेणारा बदललेला भाग) लावलेला असेल तर गाडी नुसत्या पाहणीतच नापास होते, तेव्हा मूळ भाग मागून घ्या. रस्त्याचा विमा ट्रॅकवरचं नुकसान सहसा देत नाही. त्या दिवसापुरती वेगळी पॉलिसी मिळते. पुण्याला परतताना गाडी सोबत न्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा: डावीकडे स्टिअरिंग असलेली किंवा तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात सहसा आणू देत नाहीत.

गाडी घरी आली की ट्रॅकचा दिवस बुक करायच्या आधी सगळी तेलं बदला. एनएच्या पाच गिअरच्या पेटीत दोन लिटर ७५डब्ल्यू-९० जीएल-४ लागतं. जीएल-५ मधली काही तेलं पितळी सिंक्रोला चांगली नाहीत. मोठ्या डिफरन्शियलमध्ये एक लिटर लागतं. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री करा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून बसला असेल आणि तेल सांडून गेलं असेल तर गाडी जागची हलत नाही. ब्रेकमध्ये ताजं डॉट-४ भरा, कारण जुन्या तेलात ओल असते, ते उकळतं आणि पेडल तळाला जातं. पहिल्या सत्रानंतर चाकं गार होऊ द्या आणि नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. एनए-एनबीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर.